शेजाऱ्यांचा मुलगा

"सापडलीस एकदाची, आजी," असं म्हणत डॉक्टर झास्लाव्स्की खाली बसले. त्यांचे गुडघे कडकड वाजले. दोन्ही तळहात त्यांनी मातीच्या त्या बुटक्या उंचवट्यावर टेकवले आणि कुणी काही म्हणायच्या आत वाकून त्या मातीवर ओठ टेकले. सत्तरी ओलांडलेला, रोसारिओ शहरात चाळीस वर्षं लोकांचे दात काढलेला माणूस. पांढऱ्या मिशीला माती लागलेली, आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

सुनिल्दा अल्मिरोन मागे खुरपं घेऊन उभी होती. तिने मान फिरवली आणि कुंपणापलीकडच्या सोयाबीनकडे बघत राहिली.

दबोरा स्क्लियारने वहीत लिहून घेतलं: चौथी रांग, अकरावी कबर. बासिया झास्लाव्स्की. मृत्यू १९११, बाळंतपणात.

"सुनिल्दाबाई, यांना जरा पाणी आणता का?" ती हळूच म्हणाली.

सुनिल्दा फाटकाकडे निघाली. पाण्याची घागर तिथेच, नळाखाली असायची. कबरस्तानातून बाहेर पडताना ज्यू लोक हात धुतात, म्हणून ती घागर कधी रिकामी ठेवायची नाही, हे तिच्या वडिलांनी तिला शिकवलं होतं. तिने पेला भरला, पण परत जायला पाय उचलेना. नळ तसाच वाहत राहिला. त्या उंचवट्याखाली डॉक्टरांची आजी नव्हती. तिथे सुनिल्दाचा धाकटा भाऊ होता.

त्रेस तालासच्या वसाहतीत एके काळी ज्यू शेतकऱ्यांची तीनशे घरं होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रशियातून बोटीने आलेली ही माणसं. एन्त्रे रीओस प्रांताच्या ह्या काळ्या मातीत त्यांनी नांगर धरला, गुरं राखली, शाळा काढली, सहकारी सोसायटी काढली. मग त्यांची मुलं डॉक्टर-वकील झाली आणि शहरांत गेली. मुलांच्या मागून आईबाप गेले. प्रार्थनाघराच्या छपराचे पत्रे वाऱ्याने नेले. आता त्या माणसांपैकी एकच उरला होता, नाऊम फेइगिन, वय शहात्तर. आणि उरलं होतं हे कबरस्तान, गावापासून दोन किलोमीटरवर, चारी बाजूंनी सोयाबीन.

फाटकालगतच्या दोन खोल्यांत सुनिल्दा राहायची. आधी तिचे वडील इसाबेलीनो इथले राखणदार होते, चौतीस वर्षं. १९९४ साली ते गेले तेव्हापासून ती. नवरा ट्रकवर होता, तो अपघातात गेला. मुलगी लग्न होऊन पाराना शहरात. सुनिल्दा गवत कापायची, भिंतीला चुना लावायची, शिळांवरचं शेवाळ नरम ब्रशने काढायची आणि वर्षा-दोन वर्षांतून कधी कुणाला शहरातून इथे आणलं तर खड्डाही तीच खणायची. हिब्रू तिला वाचता येत नव्हतं. पण कुठल्या शिळेवरचं कुठलं अक्षर झिजलंय, कुठल्या शिळेचा कोपरा उडालाय, हे तिला आपल्या दातांसारखं ठाऊक होतं.

त्या वर्षी, २०११ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, ब्वेनोस आयरेसहून दबोरा आली. चाळिशीची, उन्हाने लाल झालेली, सतत टोपी विसरणारी बाई. कबरस्तान सरकारी संरक्षणाच्या यादीत घालायचं होतं. एकदा यादीत गेलं की सोयावाल्याला कुंपण आत सरकवता येणार नव्हतं. एका बाजूने दोनदा त्याने ते सरकवलं होतं. पण त्यासाठी प्रत्येक कबरीची नोंद हवी होती. कोण, कधी, कुठली. दबोराने तीन आठवडे खपून दोनशे कबरी मोजल्या, शिळांचे फोटो काढले, यिद्दिश भाषेतली जुनी वही वाचून नावं जुळवली. पहिल्या काही रांगांतल्या दहा-बारा कबरींवर लाकडी पाट्या होत्या, त्या १९४८ च्या वणव्यात जळून गेल्या. ती सगळी जागाच आता नुसतं गवत होती. त्या जागेला ती 'जळकी बाजू' म्हणायची. ते सोडलं तर बाकी सगळं जुळलं. फक्त चौथ्या रांगेच्या टोकाला, कुंपणाला लागून, बिनशिळेचा एक उंचवटा. वहीत त्याची ओळ नव्हती. आणि वहीत एक नाव असं होतं ज्याला कबर नव्हती: बासिया झास्लाव्स्की, चौथी रांग, कुंपणापाशी.

दोन अधिक दोन चार. दबोराने रोसारिओला फोन लावला, आणि डॉक्टर झास्लाव्स्की दुसऱ्या दिवशी हजर झाले.

*

१९५९ च्या एप्रिलमध्ये कार्पिन्चो ओढ्याला पूर आला तेव्हा सुनिल्दा सात वर्षांची होती. त्यांची झोपडी ओढ्याकाठीच होती. ती पहिल्याच दिवशी गेली. सखल भागातली सगळी माणसं सोसायटीच्या धान्याच्या कोठारात आसऱ्याला आली, ज्यू आणि बाकीचे, एकाच छपराखाली. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ सेफेरीनो घटसर्पाने गेला. तीन वर्षांचा होता.

गावकऱ्यांचं ख्रिस्ती कबरस्तान अठरा किलोमीटरवर, व्हिज्याग्वायला. पूल वाहून गेला होता. दोन दिवस आईने पोराला मांडीवरून खाली ठेवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्यूंच्या दफन मंडळाचे म्हातारे लेइवी काप्लून इसाबेलीनोजवळ येऊन बसले.

"किती वेळ असा ठेवणार त्याला? आण इकडे. आमच्याकडे उंचावर जागा आहे."

"आम्ही तुमच्यातले नाही, आजोबा."

"मातीला नाही कळत ते," लेइवी म्हणाले. "माणसांना कळतं. म्हणून तोंड बंद ठेव."

त्यांनीच पाणी गरम केलं. त्यांनीच पोराला अंघोळ घातली, आपल्या बायकोच्या पेटीतल्या पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. फळ्या सगळ्या भिजलेल्या, त्यामुळे पेटी करता आली नाही. आईला पोराच्या गळ्यात मरियामचा बिल्ला घालायचा होता. ती तो मुठीत धरून म्हाताऱ्याकडे बघत राहिली. लेइवी पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ टोपीवरचं पाणी झटकत बसले. पाऊस चालूच होता. चौथी रांग तेव्हा आठव्या कबरीपाशी संपत होती. त्यांनी मध्ये जागा सोडून पार टोकाला, कुंपणापाशी खणलं. वहीत काही लिहिलं नाही.

पाणी ओसरल्यावर त्याला व्हिज्याग्वायला न्यायचं ठरलं होतं. आई म्हणाली, राहू दे, इथे निदान कुणी येऊन-जाऊन बघतं. पुढच्या वर्षी राखणदाराची जागा निघाली तेव्हा इसाबेलीनोने ती मागून घेतली. पगार नावालाच होता. लोक म्हणत, ज्यूंचा इतका इमानी माणूस दुसरा होणे नाही. इसाबेलीनो हसायचा. उंचवटा त्याने मुद्दाम मोठ्या माणसाच्या मापाचा करून ठेवला होता, म्हणजे कुणी विचारू नये की इथे लहान मूल कुणाचं.

आता हे सगळं ठाऊक असलेलं माणूस जगात एकच होतं.

*

शुक्रवारी दुपारी नेहमीप्रमाणे नाऊम आला. त्याची जुनी पिकअप फाटकाबाहेर खोकत थांबली. गेली सतरा वर्षं दर शुक्रवारी तो आईच्या कबरीवर, त्यांच्यात फुलांऐवजी ठेवतात तसा, खडा ठेवायला यायचा आणि मग सुनिल्दाच्या दारात खुर्ची टाकून दोघं माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, प्यायची. एकच पेला, एकच नळी, आळीपाळीने. तो घरी बटाटा भरून भाजलेले क्निशेस आणायचा आणि ते दरवेळी करपलेले असायचे.

"बघ, दगडाच्या दुकानात सांगून आलो मी," तो खुशीत म्हणाला. "गुरुवारी डॉक्टरांची शिळा येतेय. काळा ग्रॅनाइट! आता सरकारी पाटी लागली की बघच. आत असलेल्यांनाही उठून बसावंसं वाटेल."

"काका, त्या अकराव्या कबरीचं…"

"तेच तर! पन्नास वर्षं माझ्या आईजवळ कोण झोपलंय मला माहीत नव्हतं. बिचारी बासिया. तिशीसुद्धा नव्हती म्हणे." त्याने नळी तोंडात धरली आणि पेला रिकामा केला. "बरं झालं. उद्या मी तिथे गेलो की शेजारीण कोण ते तरी माहीत असेल. अनोळखी बाईच्या शेजारी झोपायचं म्हणजे माझ्यासारख्या ब्रह्मचाऱ्याला अवघडच की."

त्याच्या आईची, फ्रूमाची, कबर नववी होती. ती १९६२ साली गेली. तिच्या शेजारची दहावी जागा नाऊमने स्वतःसाठी राखून ठेवली होती. लग्न केलं नाही, आईला एकटं सोडणार नाही असा शब्द दिला होता. ही गोष्ट तो जोक सांगितल्यासारखी सगळ्यांना सांगायचा.

"काय गं, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. पुन्हा करपलेत, काका."

"मग खाऊ नकोस," तो म्हणाला आणि स्वतः दुसरा उचलला.

त्या आठवड्यात सुनिल्दाने स्वतःची बरीच समजूत घातली. काय बिघडतंय? पोराच्या डोक्यावर आजवर साधी वीटसुद्धा नव्हती. आता काळा ग्रॅनाइट येईल. नाव दुसऱ्याचं, पण दगड तर असेल. आणि म्हातारा डॉक्टर सुखाने घरी जाईल. पण मग तिला त्याचे मातीवर टेकलेले ओठ आठवायचे आणि हातातलं काम थांबायचं.

*

गुरुवारी शिळा आली. ट्रकवरच्या दोघांनी ती दोरांनी उतरवून रांगेच्या टोकाला आडवी ठेवली. डॉक्टर झास्लाव्स्की काळा कोट घालून आले होते. दबोरा होती, आणि नाऊम ठेवणीतली टोपी घालून.

"सुनिल्दाबाई," दबोरा म्हणाली, "पायासाठी डोक्याच्या बाजूला खड्डा लागेल. साधारण गुडघाभर."

सुनिल्दाने पहार उचलली. इतक्या वर्षांत तिने इथे किती खड्डे घेतले असतील. पण चादरीत गुंडाळलेल्या त्या पोराचं डोकं त्याच बाजूला होतं, आणि पुराच्या चिखलात खड्डा खोल गेला नव्हता, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात डॉक्टरांनी खिशातून एक पाकीट काढलं आणि वाकून उंचवट्यावरची मूठभर माती त्यात भरली. "माझ्या बहिणीला पाठवायचीय, हैफाला," ते सगळ्यांना समजावल्यासारखं म्हणाले. "तिला येववत नाही. आजीचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे. एवढंच काय ते."

सुनिल्दाने पहार कुंपणाला टेकवून ठेवली.

"डॉक्टर, ती माती नका पाठवू," ती म्हणाली. "इथे तुमची आजी नाही. इथे माझा भाऊ आहे."

ट्रकवाल्यांपैकी एकाने सिगारेट पेटवायला काढली होती, ती त्याने परत ठेवली. मग तिने सगळं सांगितलं. पूर, कोठार, लेइवी काप्लून, चादर. बिल्ल्याचंसुद्धा. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती.

"तीन वर्षांचा होता," ती शेवटी म्हणाली. "सेफेरीनो."

डॉक्टरांच्या हातात पाकीट तसंच होतं. त्यांनी ते आधी कोटाच्या खिशात घातलं, मग बाहेर काढलं आणि माती हळूच उंचवट्यावर परत ओतली.

"मग माझी आजी कुठंय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. हरवलेल्या माणसाने रस्ता विचारावा तसं विचारलं.

"नक्की नाही माहीत. पण वहीत कुंपणापाशी लिहिलंय ना? हे कुंपण तेव्हाचं नाही, डॉक्टर. जुनं कुंपण आत होतं. चला, दाखवते."

ती त्यांना जळक्या बाजूला घेऊन गेली. एका जागी गवत बाजूला करून तिने खुरप्याने माती उकरली. वीतभर खाली न्यांदुबाय लाकडाच्या खांबाचा बुंधा लागला, लोखंडासारखा, वर कोळसा झालेला. "गुलाब लावायला गेलं की दरवेळी हे लागतात. वडील सांगायचे, पहिलं कुंपण इथून जायचं. म्हणजे वहीतली जुनी चौथी रांग ती ही; वणव्यानंतर रांगा नव्याने मोजल्या. वणव्यात गेल्या त्या पाट्यांतली एक तुमच्या आजीची असणार. ह्या दोन खांबांच्या मधलं कुठलंतरी."

दबोरा वही उलटसुलट करत होती. तिचा चेहरा पडला होता. "मी कुंपणाचा विचारच केला नाही," ती पुटपुटली.

डॉक्टर गवतात उभे राहिले. पुढे चार पावलं गेले, मागे आले. मग ट्रकवाल्यांना म्हणाले, "दगड इकडे आणा. आणि अक्षरं कोरणाऱ्याला सांगून नावाखाली एक ओळ वाढवता येईल का? 'इथे जवळच.' एवढंच."

ह्या सगळ्यात नाऊमकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो अजून चौथ्या रांगेतच होता, आईच्या शिळेवर हात ठेवून. सुनिल्दा त्याच्याजवळ गेली.

"काका."

"सतरा वर्षं," नाऊम म्हणाला. "सतरा वर्षं दर शुक्रवारी मी तुझ्या दारात बसतोय. एका नळीने प्यायलोय तुझ्याबरोबर. माझ्या आईची शपथ घालून तुला काय काय सांगितलं मी. पॉलीनाचं सांगितलं, जे मी माझ्या भावालासुद्धा नाही सांगितलं."

"वडिलांनी शब्द दिला होता, काका. लेइवी आजोबांना."

"लेइवी मेला त्याला पंचेचाळीस वर्षं झाली! तुझे वडीलही गेले. मी होतो ना? मी जिवंत होतो ना?" त्याचा आवाज चिरकला. "तुला वाटलं, म्हातारा पोराला उकरून बाहेर टाकेल. असंच वाटलं ना तुला? बोल की."

सुनिल्दाला खोटं बोलता आलं नाही.

"हां," नाऊम म्हणाला. त्याने टोपी सारखी केली आणि फाटकाकडे चालू लागला. घागरीशी थांबून हात मात्र धुतले. मग पिकअप दोनदा खोकून चालू झाली.

*

दबोरा भली बाई होती, पण नोंद तिला करावीच लागणार होती. तिने शहरातल्या धर्मपीठाला फोन केला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मूल होतं, पूर होता, काप्लूनने केलं ते चूक कोण म्हणेल. तरी नियम तो नियम. घरच्यांची तयारी असेल तर त्याला त्याच्या लोकांत न्यावं. नसेल तर आपल्या आणि त्याच्या कबरीत चार हात जागा मोकळी हवी, आणि ती पुढेही मोकळीच राहायला हवी. काय ते तिथल्या मंडळाने ठरवावं आणि सही करून कळवावं.

"तिथलं मंडळ म्हणजे नाऊमकाका," दबोरा सुनिल्दाला म्हणाली. "मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले. दार उघडत नाहीत."

"चार हात म्हणजे किती?"

"दोन मीटर धरा."

सुनिल्दाला मोजायची गरज नव्हती. फ्रूमाच्या कबरीपासून सेफेरीनोपर्यंत मध्ये एकच जागा होती, दहावी. ती नाऊमची. पोरगा इथे राहिला तर म्हाताऱ्याला आईजवळ जाता येणार नव्हतं.

शुक्रवार आला, नाऊम आला नाही. दुसरा शुक्रवार आला. सुनिल्दाने पाणी तापवून ठेवलं, ते निवलं. फ्रूमाच्या शिळेवर तिने स्वतःच एक खडा ठेवला, मग तिला ते बरं वाटलं नाही म्हणून परत काढून घेतला.

सोमवारी ती बसने व्हिज्याग्वायला गेली. पाद्रीबाबांनी वही बघून सांगितलं, आईवडिलांच्या पायथ्याशी लहान पेटीपुरती जागा होईल. तिथून ती सुताराकडे गेली.

"किती मोठी?" सुताराने विचारलं.

तिने हाताने दाखवलं. दाखवताना तिच्या लक्षात आलं की ती जिवंत पोराचं माप दाखवत होती. इतकी मोठी आता लागणार नव्हती. पण तिने हात तसेच ठेवले.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने विचारलं, "कोंबड्यांसाठी का?" ती हो म्हणाली.

*

बुधवारी सकाळी ऊन वर यायच्या आत तिने फावडं घेतलं, पेटी घेतली, पांढरी चादर घेतली आणि चौथ्या रांगेत गेली. नाऊम तिथे आधीच होता. दहाव्या जागेच्या काठावर घडीची खुर्ची टाकून बसला होता. दाढी वाढलेली. मांडीवर दबोराचे कागद.

त्याने पेटीकडे पाहिलं, फावड्याकडे पाहिलं.

"कुठे निघालीस?"

"ह्याला घेऊन जाते, काका. पाद्रीबाबांना विचारलंय. आईजवळ जागा आहे."

"कुणाच्या परवानगीने?"

"तुमच्या जागेचा प्रश्न येतो ना. मी ऐकलं सगळं. चार हात."

"मला विचारलंस?"

"तुम्ही दार उघडत नव्हता."

"रागावलो होतो म्हणून. रागावलेल्या माणसाचं दार दोनदा वाजवायचं असतं, तेवढीही अक्कल नाही तुला. दबोराने दोनदा वाजवलं. तू एकदाही आली नाहीस." त्याने खिशातून पेन काढलं. "बस तिकडे. पेटीवरच बस. ऐक. मंडळाचं मत हवंय म्हणतात. नोंदलेले सभासद सात. त्यातले सहा इथेच आहेत, आत. दोन दिवस झाले, मी सगळ्यांकडे जाऊन आलो. लेइवीकडे जरा जास्त वेळ बसलो. त्याला चार शिव्या घातल्या. कुणाचीही हरकत नाही."

सुनिल्दाला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं.

"काका, तुम्ही आईला शब्द दिलाय."

"दिलाय. तिलाही विचारलं." त्याने फ्रूमाच्या शिळेकडे मान केली. "माझी आई कशी होती तुला माहीत नाही. तू तिला दगड म्हणूनच ओळखतेस. वसाहतीतल्या कुठल्याही पोराचं नाक वाहताना दिसलं की आपल्या एप्रनने पुसायची. कुणाचं आहे ते नंतर विचारायची. ती आली तेव्हा हे पोर इथे आधीपासून होतं, एकटं, तीन वर्षं. पन्नास वर्षं दोघं जवळजवळ आहेत. आता मी म्हातारा येऊन मध्ये पडू आणि पोराला उठवू? ती तोंड बघणार नाही माझं."

"मग तुम्ही?"

"मला तिकडे मागे टाक. जळक्या बाजूला, डॉक्टरांच्या दगडापाशी. तिथे दुपारी सावली असते. शिवाय तिथे कोण कुठे आहे कुणालाच माहीत नाही, म्हणजे गप्पा मारायला बरं." त्याने कागद मांडीवर सरळ केला. "ही जागा अशीच मोकळी राहील. कायमची. चार हात. झाला त्यांचा नियम."

मग तो लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने कागद तिच्यापुढे धरला. चौथी रांग, अकरा. नाव: सेफेरीनो अल्मिरोन. वय: तीन वर्षं. पुढच्या रकान्यात, जिथे बाकीच्यांच्या बापाचं आणि रशियातल्या गावाचं नाव होतं, तिथे त्याने लिहिलं होतं: 'शेजाऱ्यांचा मुलगा. १९५९ च्या पुरात आला.'

सुनिल्दाने ते दोनदा वाचलं. कागद भिजू नये म्हणून लांब धरला.

"आणि ती पेटी कशाला आणलीस?" नाऊम म्हणाला. "पैसे टाकलेस उगाच. दे इकडे, माझ्या कोंबड्यांना होईल."

*

संरक्षणाचा हुकूम दीड वर्षाने आला. फाटकावर पाटी लागली. सोयावाल्याने कुंपण मुकाट्याने मागे घेतलं. सेफेरीनोच्या डोक्याशी सुनिल्दाने नदीतला एक चपटा दगड बसवला, नाव आणि वर्ष कोरलेला, आणि उंचवटा त्याच्या खऱ्या मापाचा केला.

नाऊम आणखी चार वर्षं जगला. ऑगस्टमध्ये, इथल्या थंडीत, झोपेतच गेला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. सात व्हिज्याग्वायहून आणि कोंकोर्दियाहून आले, तिघं रोसारिओहून. त्यांत काठी टेकत आलेले डॉक्टर झास्लाव्स्कीही होते. खड्डा सुनिल्दाने आदल्या दिवशी खणून ठेवला होता. जमीन कडक झालेली, त्यात जुन्या खांबांचे बुंधे. अख्खा दिवस लागला. मदतीला माणूस देतो म्हणून कुणीतरी म्हणालं होतं, तिने नको म्हणून सांगितलं.

आता रविवारी लोक येतात. नातवंडं, पतवंडं, हातात मोबाइल, शिळांवरची नावं शोधत. गेल्या वसंतात एक बाई चौथ्या रांगेतून चालत आली. फ्रूमाच्या शिळेशी थांबली, पुढच्या रिकाम्या जागेशी थांबली. तिथलं गवत बाजूच्यापेक्षाही बारीक कापलेलं होतं, कडा सरळ, एक काडी इकडे-तिकडे नाही.

"इथली शिळा पडली का हो?" तिने विचारलं.

"नाही," सुनिल्दा म्हणाली. "इथे कुणी नाही."

"मग इतकं नीट कशाला ठेवलंय?"

"नाऊमकाकांची जागा आहे ही."

"ते कुठे आहेत?"

"तिकडे मागे," सुनिल्दाने हाताने दाखवलं. मग ती खाली बसली आणि कात्रीने राहिलेली कड कापायला लागली.